गाठोड्यातून परत आलेली पुस्तके

वासंतीताईंची आणि माझी पहिली भेट भांडणाने झाली. माझी सून मेघा गेली, तिच्या बाराव्याच्या दिवशी. मुलगा नोकरीसाठी मुंबईत, त्यामुळे मेघा आणि माझी नात जुई रत्नागिरीजवळच्या आमच्या गावी माझ्याकडे राहत असत. प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या वासंतीताई वाड्यावाड्यांतून फिरून, मुलांजवळ बसून कसे वाचायचे ते आयांना शिकवतात आणि मेघा त्यांच्याकडे जाते, एवढेच मला माहीत होते.

पडवीत मेघाच्या कपड्यांचे गाठोडे बांधून ठेवले होते. आमच्याकडे ते त्या दिवशी घराबाहेर काढतात. ताई आल्या, जुईजवळ बसल्या आणि त्यांनी तिचे पुस्तक मागितले. माझ्या थोरल्या बहिणीने, अक्काने, सांगितले की पुस्तके गाठोड्यात आहेत. ती बघितली की पोर रडते, म्हणून मेघाच्या साड्यांबरोबर तीही बांधली होती. ताई उठल्या आणि सगळ्यांसमोर गाठोड्याची गाठ सोडू लागल्या.

"साड्या न्या," त्या म्हणाल्या. "पुस्तकं पोरीची आहेत. ती जिवंत आहे."

"आवस गेली तिची. आता वाचून काय करेल बिचारी?" अक्का म्हणाली.

"रडेल. रडून झालं की वाचेल. आणि तिला बिचारी म्हणायचं नाही."

दुःखाच्या घरात येऊन कोणी इतक्या चढ्या आवाजात बोलावे याचा मला संताप आला. मी तसे बोललोही. ताईंनी माफी मागितली नाही. पुस्तके माझ्या मांडीवर ठेवली आणि उद्यापासून तुम्ही बसा, असे सांगून त्या गेल्या.

मी कचेरीत कारकून होतो. दुसऱ्यांच्या चुका काढण्यात सारी नोकरी सरली. जुई एखाद्या शब्दाला अडली की तो माझ्या तोंडून बाहेर पडे आणि ती पुस्तक मिटून घरापुढच्या खळ्यात निघून जाई. ताई अधूनमधून येऊन बसत आणि नंतर मला झापत. मूल अडले तर थांबावे, त्याला चित्राकडे बघू द्यावे, आपण तोंड मिटून ठेवावे, हे त्यांनी मला पुन्हा पुन्हा सांगितले. एकदा म्हणाल्या, "भाऊ, तुमची एसटी चुकतेय का?" त्यानंतर मी थांबू लागलो.

त्या पुस्तकांत एका कुर्लीची, म्हणजे खेकडीची, गोष्ट होती. भरतीत बीळ बुजलेली कुर्ली घर शोधत किनाऱ्यावर फिरते. मेघाने ती अर्धी वाचून पानाचा कोपरा दुमडून ठेवला होता. जुई त्या पानापर्यंत येई आणि थांबे. तो कोपरा मी सरळ करणार होतो. ताईंनी माझा हात धरला.

शाळेत वेगळेच चालले होते. वर्गात मुले पाळीने मोठ्याने वाचत आणि गुरुजी जुईची पाळी आली की पुढच्या मुलाला उठवत. जुईनेच हे सांगितले, अगदी सहज. ताई मला घेऊन शाळेत गेल्या. गुरुजी भला माणूस. म्हणाले, तिला आई नाही, उगाच त्रास नको.

"आई गेली तिची, डोळे नाही गेले," ताई म्हणाल्या. "गुरुजी, तिची पाळी तिला द्या."

ताईंच्या सत्कारानिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथासाठी त्यांच्या मायाळू स्वभावाबद्दल लिहा, असे मला सांगण्यात आले. मायाळू माणसे त्या वर्षी आमच्या घरी खूप येऊन गेली. कोणी जुईच्या हातावर खाऊ ठेवला, कोणी तिची वेणी घातली आणि सगळ्यांनी मिळून ठरवून टाकले की आता ही मागे पडणार. माझ्यासमोर ठरवले. मीही मान डोलावली. त्या सगळ्यांचा मला आजही राग येतो, आणि तो जावा असे मला वाटत नाही. त्या दयेत जुईला कोणी मोजतच नव्हते. पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावरची एक बाई तेवढी तिच्यासाठी भांडत होती.

गुरुजींनी जुईला पाळी दिली. ती अडली, मुले हसली, गुरुजी थांबले. हे त्यांनीच मला बाजारात भेटल्यावर सांगितले. त्याच आठवड्यात दिवेलागणीला जुई दुमडलेल्या पानापर्यंत आली आणि थांबली. मीही थांबलो. मग तिने पान उलटले आणि कुर्लीला घर मिळेपर्यंत वाचत राहिली. शेवटी मला म्हणाली, "आजोबा, इथे आईने कुर्लीचा आवाज कसा काढला असता?"

मला ते माहीत नव्हते. मेघा वाचत असताना मी कधी ऐकलेच नव्हते. ताईंना हे सांगितले तेव्हा त्यांचा आवाज पहिल्यांदा खाली आला. म्हणाल्या, "मग तिलाच काढायला सांगा. आणि आता ऐका."

रोज ऐकतो. सत्काराच्या दिवशी जुई पुढच्या रांगेत माझ्याजवळ बसलेली असेल. तिला कोणी बिचारी म्हणू नये, एवढी उपस्थितांना विनंती. वासंतीताईंना उदंड आयुष्य लाभो, त्यांचे गुडघे त्यांना आमच्या घाटीच्या चढणीवरून अजून पुष्कळ वर्षे चढवून आणोत, आणि त्यांचा आवाज कधीही कोणाच्या घरात खाली न येवो.