घरपट्टीवरचं नाव

आमचे हे घरांचे जुने कागद तपासतात. कुणी घर घ्यायला निघालं की वकील ह्यांना नोंदणी कार्यालयात पाठवतो. मग हे आजच्या मालकापासून सुरुवात करून एकेक खरेदीखत मागे मागे जातात आणि घर मुळात कुणाचं होतं ते शोधून काढतात. वकिलाच्या ऑफिसात ह्यांना 'रिव्हर्स गिअर' म्हणतात. घरीही तेच. आमटी खारट झाली तर चौकशी मीठ कुणी आणलं इथपासून.

गिऱ्हाइकांवर ह्यांचा एकच राग. लोक घरपट्टीची पावती नाचवत येतात, म्हणतात, बघा, घर आमचंच. 'घरपट्टी भरतो म्हणून कुणी मालक होत नाही,' हे वाक्य मी झोपेतही म्हणून दाखवीन.

पण स्वतःच्या घराचे कागद ह्यांनी कधी उघडले नव्हते. घरपट्टी आधी सासऱ्यांच्या नावाने यायची, मग ह्यांच्या. मागच्या खोलीत सासऱ्यांची बहीण, आत्याबाई. लग्न केलं नाही, आयुष्यभर शिवणकाम केलं आणि भावाच्या घरात अंग चोरून राहिल्या. त्यांचा आरसा ट्रंकेवर टेकवलेला असे. केस विंचरायला वाकावं लागायचं. भिंतीला लावा ना, म्हटलं की म्हणायच्या, दुसऱ्याच्या भिंतीला खिळे कशाला?

यंदा आम्ही घर विकायला काढलं. स्वतःसाठी दोन खोल्यांचा फ्लॅट बघितला, आत्याबाईंसाठी वृद्धाश्रम. घेणाऱ्याचा वकील ओळखीचा. तुमच्याच घराचा शोध तुम्हीच घ्या, म्हणाला. हे हसत गेले आणि एवढंसं तोंड करून परत आले. आजोबांनी घर घेतलं होतं ते मुलगा आणि मुलगी, दोघांच्या नावाने. आत्याबाईंनी हक्क सोडल्याचा कागद कुठेच नव्हता.

शोधाचा रिपोर्ट तुम्हीच लिहिणार आहात ना, मग हे कुणाला कळणार, असं मी सरळ विचारलं. फ्लॅट हातचा जात होता. हे जेवले नाहीत. ताटावरून उठले आणि मागच्या खोलीत गेले. मीही मागोमाग गेले.

"आत्या, निम्मं घर तुझं आहे," हे म्हणाले. "पहिल्यापासून. तुझ्या सहीशिवाय आम्हाला ते विकता येणार नाही."

आत्याबाईंनी मशीन थांबवलं. आता वृद्धाश्रमाचा जाब विचारणार, म्हणून मी दारातच उभी राहिले. त्या भिंतीकडे बघत होत्या.

"म्हणजे खिळा ठोकला तर चालेल?"

हे डोळे पुसत बसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हातोडी मीच आणली.

आरसा किती उंचीवर लावायचा ते बघायला आत्याबाई भिंतीला पाठ लावून ताठ उभ्या राहिल्या. इतकी वर्षं एका घरात काढली, पण त्या माझ्यापेक्षा उंच आहेत हे मला त्या दिवशी कळलं.