हॉलमधलं भात

समोर सात मजली इमारत उभी राहिली आणि आमच्या कर्जतच्या फ्लॅटमधलं ऊन गेलं. खिडकीतला पुदिना पिवळा पडला. कोथिंबीर उजेड शोधत काडीसारखी लांब व्हायची आणि एके दिवशी आडवी पडायची. मी साजगावच्या कारखान्यात इलेक्ट्रिक पॅनलच्या वायरिंगला आहे. दिवसभर वायरी जोडायच्या आणि घरी झाडं अंधारात मरू द्यायची, हे मला पटेना. मी एलईडीच्या पट्ट्या आणल्या.

त्याच सुमारास गुडघ्याच्या ऑपरेशननंतर सासरे कडावहून आमच्याकडे राहायला आले होते. शेती त्यांच्या धाकट्या भावावर, म्हणजे काकांवर, सोपवलेली. बाबा सोफ्यावर पाय लांब करून बसत आणि माझा खटाटोप बघत.

"दिव्यावर कुठं रोप वाढतं गं बाय?" ते म्हणाले. "सूर्य काय सुट्टीवर गेलाय?"

पहिल्या खेपेला मी पट्ट्या पुठ्ठ्यावर चिकटवल्या. गरम होऊन गोंद सुटला आणि सगळी माळ कोथिंबिरीत कोसळली. शिवाय पट्ट्या होत्या गुलाबी-जांभळ्या. सगळा हॉल गुलाबी झाला. खालच्या मजल्यावरच्या वहिनी विचारायला आल्या, "वाढदिवस आहे का कुणाचा?" आणि बाबांनी जेवायचं ताट उचलून स्वयंपाकघर गाठलं. "भाजी कंची हाय तेच कळत नाय."

मग मी खोपोलीच्या भंगारवाल्याकडून अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा आणला. त्यावर पांढऱ्या पट्ट्या बसवल्या, जोड नीट सोल्डर केले, ॲडॅप्टर लावला आणि टीव्हीशेजारच्या मांडणीत तो पत्रा साखळीने टांगला. झाडं वाढली की साखळी वर ओढायची. सकाळी दिवा लावायचा, झोपताना बंद करायचा. थोड्याच दिवसांत कोथिंबीर अशी दाट आली, की नवऱ्याने वडी करायची फर्माईश केली. वड्या बाबांनीही मागून घेतल्या.

एकदा झाडांना पाणी घालताना कोपऱ्यातल्या आइस्क्रीमच्या डब्यात हिरव्या सुया दिसल्या. तण असेल म्हणून उपटायला गेले, तर मागून बाबा ओरडले, "हात नको लावूस! भात हाय त्यात."

मी वळून बघितलं. बाबा काठी न घेताच उठून उभे राहिले होते.

काका भेटायला आले तेव्हा उन्हाळी भाताचं मूठभर बी बाबांनी त्यांच्या हातून मागवलं होतं म्हणे. आम्ही कामावर गेल्यावर बाबा पेरणी करून मोकळे झाले होते. आता रोप वर आलं होतं, म्हणजे लावणी करायला हवी. लावणीला चिखल हवा, आणि चिखल कडावचाच हवा. नवरा स्कूटरवर मातीची गोणी घेऊन आला. जुन्या टबात चिखल केला. बाबा स्टुलावर बसून एकेक रोप लावत होते, मी आणि नवरा रोपं हातात देत होतो. मध्येच मीही एक रोप लावून बघितलं. "अगं, उथळ लाव. पुरतेस कशाला?" मला ओरडा बसला. फरशीभर चिखल झाला आणि आम्ही तिघंही हसत होतो.

त्या दिवसापासून दिवा माझा राहिला नाही. साखळी बाबा ओढणार, पाणी बाबा घालणार. माझ्याकडे आणखी दोन पट्ट्या वाढवून मागितल्या. "उजेड कमी पडतोय, पान पिवळं पडलंय बघ." दिव्यावर विश्वास नसलेला माणूस आता पत्र्यावरची धूळ धोतराच्या टोकाने पुसत होता.

भात पोटरीला आलं, लोंबी आत धरून ताटं फुगली, तेव्हा त्यांनी मला कारखान्यात फोन केला. आणि लोंब्या बाहेर पडल्यावर काकांना बोलावणं गेलं.

काका चपला काढून मांडणीसमोर उभे राहिले. किती तरी वेळ बघतच होते.

"दादा, पाऊस नाय, वारा नाय, आन् भात?"

"पाऊस मी हाय," बाबा म्हणाले, "आन् वारा तो बघ." त्यांनी छताच्या पंख्याकडे बोट दाखवलं.

कापणीला काकांनी घरून विळा आणला. ओंजळभर लोंब्या आणि त्यांना विळा! निम्मे दाणे पोचट निघाले. बाबांना त्याचं काही वाटलं नाही. पेपर पसरून त्यांनी भरलेले दाणे वेगळे केले, दुपारभर बसून हाताने सोलले. ते चमचाभर तांदूळ मी कुकरमध्ये आमच्या नेहमीच्या तांदळात मिसळले. पहिला घास घेऊन बाबा म्हणाले, "वास बघ, वेगळा येतोय." आम्हाला काही वेगळा वास आला नाही, पण आम्ही हो म्हणालो.

हात धुऊन ते मांडणीपाशी गेले, रिकाम्या टबातली माती बोटाने उकरली.

"बाय, भातानंतर वाल टाकायचा असतो. पन तो वर चढनार. दिवा उंच कर."

मी सोल्डरिंगची पेटी काढली. वायर धरायला बाबा स्टूल ओढून शेजारी येऊन बसले.