पंधरा दिवसांची आपत्ती

लग्न होऊन झाशीला आले तेव्हा मला फक्त सिनेमातली हिंदी येत होती. बावीस वर्षांत ती भाजीवाल्याशी घासाघीस करण्याइतकी आणि वेळ पडलीच तर भांडण्याइतकी झाली. कागदावरच्या हिंदीशी मात्र माझं कधी जमलं नाही. बँकेचं, विजेचं काहीही आलं की मी ते यांच्यापुढे सरकवायची. हे सरकारी कारखान्यात इंजिनिअर आहेत आणि वर्षातले तीन-चार महिने मशिनं बसवायला कुठल्या तरी डोंगरात असतात. तेवढे दिवस कागद फ्रिजवर पडून राहतात.

फोनवरचा मेसेज काही फ्रिजवर ठेवता येत नाही. एका दुपारी, हे कामावर गेलेले असताना, मोबाइल वॉलेटवाल्यांचा लांबलचक हिंदी मेसेज आला. क्रेडिट कार्ड, राशि, हस्तांतरण, प्रावधान असल्या शब्दांवरून उड्या मारत मी शेवटच्या ओळीला पोचले. तिथे लिहिलं होतं, ‘किसी भी आपत्ति की स्थिति में पंद्रह दिन के भीतर इस नंबर पर सूचित करें.’ मी मनात म्हटलं, देवाच्या दयेने घरात सगळे धडधाकट आहेत, आपल्याला कसली आलीय आपत्ती? उलट, अडीअडचणीला फोन नंबर देतात म्हणजे माणसं भली दिसतात, असंही वाटलं. नंबर तेवढा जपून ठेवला.

माझी लेक झाशीत जन्मली. ती मला आई म्हणते आणि पुढचं वाक्य हिंदीत बोलते. मराठी समजतं तिला सगळं, पण बोलायला लावलं की लाजते. तिला चित्रांचं वेड. खंडेराव गेटची कमान तिने इतक्या वेळा काढली होती की तिच्या वह्या उघडल्या की गेटातून आत गेल्यासारखं वाटे. बारावीनंतर तिने आर्किटेक्चरचे फॉर्म भरले. नाशिकच्या एका कॉलेजात नंबर लागावा म्हणून ती जेवढी आस लावून होती, त्याहून जास्त मी होते. खोटं कशाला बोलू, पोरगी पाच वर्षं माझ्या भाषेत राहील, हा माझा स्वार्थ होता.

पहिल्या दोन याद्यांत नाव नव्हतं, म्हणून आम्ही गाफील राहिलो. तिसऱ्या यादीत ते गुरुवारी संध्याकाळी अचानक उगवलं. पहिला हप्ता शुक्रवारी पाचच्या आत कॉलेजच्या बँक खात्यात जायला हवा होता. तिथे कार्ड चालत नव्हतं. फीचे पैसे बाजूला काढलेले होते, पण ते दोघांच्या नावावर ठेवीत, आणि मोडायला दोघांच्या सह्या लागतात. यांचा फोन डोंगरात लागेना.

लेक म्हणाली, “आई, टेंशन मत लो. कार्ड से वॉलेट, वॉलेट से बैंक, बैंक से कॉलेज. दस मिनट का काम है.”

हे आम्ही आधी एकदा केलं होतं, तिच्या क्लासच्या फीसाठी. शुक्रवारी सकाळी दहाला देवापुढे दिवा लावून बसलो. कार्डावरून वॉलेट भरलं. आकडा आला. लेकीने ‘बैंक में भेजें’ दाबलं आणि लाल अक्षरं उमटली, ‘क्रेडिट कार्ड से डाली गई राशि बैंक खाते में नहीं भेजी जा सकती.’ आम्ही रक्कम कमी केली, खातं बदललं, फोन बंद करून चालू केला. शेवटी एक रुपया पाठवून बघितला. तोही जाईना. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं म्हणतात. आमचा आड काठोकाठ भरलेला होता आणि पोहरा कोरडाच वर येत होता.

तेव्हा मला तो नंबर आठवला. मी मोठ्या विश्वासाने फोन लावला.

“मैडम, आपत्ती आ गई है,” मी म्हणाले.

“जी, आपको किस बात पर आपत्ति है?” पलीकडच्या मुलीने विचारलं.

“बात पर नहीं जी, हमारे घर पर आई है.”

ती समजुतीने म्हणाली, “मैम, आपत्ति दर्ज करने के पंद्रह दिन तो पिछले महीने पूरे हो गए.”

“पर आई तो आज है ना.”

लेकीने फोन माझ्या हातातून घेतला. तिचे कान लाल झाले होते. पैसे कार्डावर परत तरी फिरवा, असं तिने दोनदा विनवलं. मुलगी म्हणाली, तसं करता येत नाही, पण या पैशांतून तुम्ही कुठल्याही दुकानात सामान घेऊ शकता. फोन ठेवून लेक माझ्याकडे वळली. “आई, आपत्ति मतलब ऐतराज. वो... तुम लोग क्या बोलते हो, हरकत.” तिचं ते ‘तुम लोग’ मला जास्त लागलं. कार्डाचे पैसे यापुढे बँकेत जाणार नाहीत, हेच त्या मेसेजात होतं; ते वेळेवर कळलं असतं तर कुणाला तरी विचारलं असतं, यांना जाण्याआधी सही करून ठेवायला सांगितलं असतं. मी काय केलं, तर नंबर जपला.

दुपारी आम्ही ऑटो करून खंडेराव गेटजवळच्या आमच्या किराणावाल्याकडे गेलो. म्हटलं, भैया, वॉलेटमधून तुम्ही घ्या आणि मला रोख द्या, वर काय घ्यायचं ते घ्या. त्याने हात जोडले. “भाभीजी, ऐसे में मेरा खाता बंद हो जाएगा. सामान जितना चाहिए ले जाइए, नकद मत माँगिए.” तो लोभी असता तर बरं झालं असतं. चांगल्या माणसावर रागावताही येत नाही.

परतलो तेव्हा तीन वाजले होते. शेजारच्या काकू दारात बसून तांदूळ निवडत होत्या. त्यांचे यजमान रेल्वेतून निवृत्त झालेले, मूळचे भुसावळचे. बावीस वर्षं आमच्या वाट्या या दारातून त्या दारात जात आहेत. काकूंनी विचारलं, “काय गं, चेहरा असा का उतरलाय?”

लेकीने माझ्याकडे बघितलं. तिने नुसती माझी ओढणी धरली. आमच्या घरात शिकवण होती की पीठ उसनं आणावं, पैसा आणू नये. मी म्हणाले, “काही नाही काकू, ऊन लागलं,” आणि कुलूप काढलं.

पाच वाजता कॉलेजच्या वेबसाइटवरचं फी भरायचं बटण करडं झालं, सीट गेली. लेक तरीही त्यावर बोट दाबत राहिली. मी तिला थांबवलं नाही, मला ते जमलंच नाही.

चार दिवसांनी मी विरजण आणायला गेले तेव्हा काकूंच्या कानावर सगळं आलं होतं. त्यांनी दही घातलं, पण वाटी लगेच माझ्या हातात दिली नाही. म्हणाल्या, “यांची पेन्शन नुसती पडून असते गं. विरजण मागताना तुझी जीभ अडत नाही, मग त्या दिवशी काय झालं होतं?” वॉलेटच्या नियमाला मी महिनाभर शिव्या दिल्या, पण तीन वाजताचा नियम माझा स्वतःचा होता.

हे आले, ठेव मोडली, कार्डाचं बिल भरलं. लेकीने इथेच बी.एस्सी.ला नाव घातलं. वॉलेटमधले फीचे पैसे दुकानाशिवाय कुठे जाणार नव्हते, म्हणून आम्ही ते खात राहिलो. तूरडाळ, साखर, तेलाचे डबे. तो घटता आकडा मला बघवत नसे, म्हणून किराणावाल्याकडे स्कॅन करायला मी लेकीलाच पुढे करायची, चष्म्याचं निमित्त सांगून. वह्या तिने माळ्यावर टाकल्या होत्या.

मार्चमध्ये एकदा रवा घ्यायला गेलो. तिने स्कॅन केलं तर वॉलेटमधले उरलेले पैसे कमी पडले. किराणावाला म्हणाला, “बाकी नकद दे दीजिए, भाभीजी.” मी पर्समधून नोट काढली. लेक फोनकडे बघत होती.

“आई, माझी सीट संपली,” ती म्हणाली. अख्खं वाक्य मराठीत म्हणाली.