मरणोत्तर टपाल

सीताबर्डीला आमचे शेजारी सरकारी कचेरीत जावक टपालाचे कारकून होते. प्रकृती ठणठणीत, रोज सकाळी चार संत्री खात. तरी आपण मेल्यावर घरच्यांना द्यायची पत्रं त्यांनी आधीच लिहून, लाख लावून, जावक क्रमांक घालून पत्र्याच्या पेटीत ठेवली होती. कुणाशी खटका उडाला की त्याचं पत्र फोडायचं, दोन मायेची वाक्यं खोडायची, पुन्हा लाख लावायची. जावयाचं पत्र असं कमी होत होत नुसत्या 'आशीर्वाद'वर आलं होतं.

घरात मात्र ते हुकुमापलीकडे बोलत नसत.

एका रविवारी त्यांनी मला बोलावलं. "आमच्या घरवालीले वाचता येत नाही. मी गेल्यावर हे पत्र तिले तुम्हीच वाचून दाखवा. आज एकदा सराव करून घ्या."

मी वाचू लागलो. "तुझ्या हातच्या चहासारखा चहा मला कुठेही मिळाला नाही. हे तुला सांगायचं राहूनच गेलं..."

तेवढ्यात त्यांची बायको चहा घेऊन आली. "काय वाचून राहिले जी?" तिनं हसून विचारलं.

शेजाऱ्यांनी कागद झटकन हिसकावून मांडीखाली दडपला. "कचेरीचं आहे! आन् हा चहा असा पांचट काहून?"

ती कप उचलून आत गेली. शेजाऱ्यांनी कागद पुन्हा माझ्या हाती दिला.

"हां, वाचा. त्या चहाच्या ओळीवर मात्र जरा जोर द्या."