बत्तीस अंशांचं पाणी

बत्तीस अंश. अकोल्याच्या हाडांच्या डॉक्टरांनी कागदावर आकडा लिहिला आणि खाली दोन रेघा मारल्या. बायकोचा डावा गुडघा झिजला होता. "जानेवारी संपेपर्यंत रोज अर्धा तास छातीएवढ्या कोमट पाण्यात चालायचं," ते म्हणाले. "फरक पडला तर ऑपरेशन पुढे ढकलू. नाही तर फेब्रुवारीत गुडघा बदलायचा."

ऑपरेशन म्हटलं की बायको गप्प होते. तिच्या आईला असंच एकदा आत नेलं होतं आणि आई घरी परत आली नाही. आजार वेगळा होता, काळही वेगळा होता, पण भीतीला हे कोण समजावणार? परतीच्या वाटेवर खामगाव येईपर्यंत ती डॉक्टरांच्या कागदाची घडी घालत आणि उलगडत बसली. मी मात्र खुशीत होतो, हे आज सांगायला लाज वाटते. कारण छातीएवढं पाणी आमच्या घरामागेच होतं, आणि ते तापवायचं गणित माझ्या हातचा मळ होतं.

पाणी कुठून आलं तेही सांगतो. आमचं घर गावाबाहेर, शेगाव रस्त्याला. मुलगा पुण्याला असतो. नातवंडं मे महिन्यात येतात, त्यांच्यासाठी त्यानं मागच्या अंगणात फरशी लावलेला पोहण्याचा तलाव बांधून घेतला. वर्षातले पंधरा दिवस त्यात पोरं डुंबतात, उरलेले साडेतीनशे दिवस मी त्यातली कडुनिंबाची पानं काढतो. डिसेंबरात त्यात बोट घातलं तर हाडापर्यंत कळ जाते.

मी एकतीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. उष्णतेचं प्रकरण तर झोपेतही शिकवलं असतं. सहा मीटर लांब, तीन मीटर रुंद, एक मीटर वीस सेंटिमीटर खोल. म्हणजे एकवीस हजार सहाशे लिटर पाणी. वीस अंशांवरून बत्तीसवर न्यायचं. मी आलेखाचा कागद काढला, पट्टी घेतली, आणि सहा किलोवॅटचा हीटर दोन दिवस आणि दोन तासांत काम फत्ते करतो, असं उत्तर काढून त्याखाली चौकट आखली.

खामगावात पंप, मोटारी आणि हल्ली फार्महाउसवाल्यांसाठी तलावाचं सामान विकणारं एक दुकान आहे. दुकानदार माझाच जुना विद्यार्थी, आता पन्नाशीला आलेला. मी कागद पुढे केला. त्यानं तो नीट वाचला आणि बाजूला ठेवला.

"सर, लांबी-रुंदी किती हाय?"

"लिहिलंय. खोलीसुद्धा लिहिलीय."

"खोली मंग पाहू. आधी पाण्याची पाठ किती उघडी हाय ते पाह्यलं पायजे. सारी गर्मी तिथूनच उडून जाते."

मागच्या बाकावर बसणारा मुलगा फळ्यापाशी येऊन खडू मागतोय, असं मला वाटलं. तरी मी शांत राहिलो. मग तो म्हणाला, "माह्यं ऐकान तर हीट पंप घ्या. एक युनिट लाइट खाते अन् पाच युनिट गर्मी देते."

आता मात्र माझ्या नाकाचा शेंडा लाल झाला. ऊर्जा निर्माण करता येत नाही, हे मी या माणसाला तीन वर्षं शिकवलं होतं. परीक्षेत त्यानं ते लिहिलंही होतं, म्हणून तर पास केला. मी दुकानात उभ्या-उभ्या त्याचा तास घेतला. गिऱ्हाइकं पाइप हातात धरून ऐकत होती.

"सर, तो गर्मी बनवत नाई," तो हात जोडून म्हणाला. "हवेतली वढून आणते. फ्रिज उलटा लावला असं समजा."

"फ्रिज मला शिकवू नकोस."

"बरं. निदान वरचं झाकन तरी नेजा."

"झाकण पातेल्याला असतं. हा तलाव आहे."

त्यानं मान हलवली आणि सहा किलोवॅटचा हीटर बांधून दिला. दारापर्यंत सोडायला आला, वाकून नमस्कारही केला. तो नमस्कार मला त्या दिवशी विजयासारखा वाटला.

सोमवारी सकाळी बटण दाबलं. बुधवारी सकाळी बत्तीस व्हायला हवं होतं, झालं पंचवीस. गुरुवारी सव्वीस. शुक्रवारी पहाटे वारं सुटलं आणि पुन्हा पंचवीस. मी थर्मामीटर खोटा ठरवला आणि बाजारातून आणखी दोन आणले. तिघांनीही पंचवीसच दाखवलं. घरात ताप मोजायचा होता, तोही बुडवून पाहिला. त्याला पस्तीसच्या खालचं काही कळत नाही, पण त्या वेळी माझ्या बाजूनं बोलेल असा कुणीही मला चालला असता.

एका गोष्टीचं मात्र समाधान होतं. रोज सकाळी तलावावर छान पांढरी वाफ उठायची. मी शाल गुंडाळून काठावर उभा राहायचो आणि बायकोला हाका मारून दाखवायचो, की बघ, पाणी तापतंय.

ती स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायची. "अख्ख्या खामगावाले गरम करून राह्यले का तुम्ही?"

मला ती थट्टा वाटली. मी आलेखावर पुढचा ठिपका काढला. असे ठिपके काढण्यात डिसेंबर संपला. बत्तीस होईपर्यंत पाण्यात पाय ठेवायचा नाही, असा माझा हुकूम होता. डॉक्टरांनी दोन रेघा मारल्या होत्या ना! ती दाराच्या चौकटीला धरून, मग कपाटाला, मग टेबलाला, अशी घरभर चालायची. मी ज्या खोलीत असेन तिथून ती जाऊ लागली की मी आलेखात डोकं घालायचो.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात मी कपाटात मोजपट्टी शोधत होतो. खालच्या खणात एक पिशवी दिसली. आत दोन जुन्या मऊ सुती साड्या, टॉवेल, कंगवा, स्टीलचा पेला. दवाखान्याची पिशवी. तिनं ती मला न सांगता भरून ठेवली होती. माझ्या हीटरवर माझ्याशिवाय घरात कुणाचाच विश्वास उरला नव्हता, हे मला तिथे कपाटापुढे बसल्यावर कळलं. फार वाईट वाटलं.

मग मी आलेखाचा कागद पुन्हा उघडला आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचा पेपर स्वतः तपासला. गुणाकार बरोबर होता. एककं बरोबर होती. फक्त एक वाक्य मी कागदावर लिहिलंच नव्हतं, इतकं ते अंगवळणी पडलेलं होतं. उष्णतेच्या प्रत्येक उदाहरणाखाली मी एकतीस वर्षं मुलांना ते सांगत आलो होतो: बाहेर उष्णता जात नाही असे समजा. वर्गात आम्ही सगळे तसं समजत होतो. खामगावचं वारं समजत नव्हतं. रोज सकाळी जी वाफ मी कौतुकानं दाखवत होतो, ती माझीच उष्णता होती, निघून चाललेली. अठरा चौरस मीटर उघड्या पाठीवरून, हीटर जेवढी देईल तेवढी. आणि उलटा लावलेला फ्रिज म्हणजे काय तेही आता नीट कळलं. ऊर्जेच्या नियमाला धक्का न लावता तो पोरगा मला हवेतली गर्मी आणून द्यायला निघाला होता.

दुकानात गेलो तर तो उठून उभा राहिला. मी म्हणालो, "झाकण दे."

त्यानं काहीही विचारलं नाही. बुडबुड्यांचं निळं प्लास्टिक मापानं कापलं, गुंडाळी केली आणि रिक्षात ठेवून दिली. "रातभर झाकून ठेवजा, सर. चालाच्या टायमालेच काढजा. हीटर तुमचा बराबर हाय, तोच पुरते." एवढं मन मोठं ठेवायला मी त्याला शिकवलेलं नव्हतं, हे नक्की.

घरी आलो तर बायको खिडकीत नव्हती. मागच्या अंगणात गेलो. जुना सलवार-कमीज घालून ती तलावाच्या पायऱ्यांवर उभी होती, कठड्याला दोन्ही हातांनी धरून, एक पाय पाण्यात. दात वाजत होते.

"अगं, सव्वीस आहे अजून! थांब, हे बघ मी काय आणलंय. चार दिवसांत..."

"तुमचं बत्तीस होईस्तोवर फेब्रुवारी येते," ती म्हणाली. "मले खाली उतरता येऊन नाई राह्यलं. कठडा इथंच सरते."

"एक मिनिट, मी तापमान बघतो."

"थर्मामीटर माह्या हात धरन का?"

मी निळी गुंडाळी खाली टाकली. स्वेटर, पँट, घड्याळ, सगळ्यासकट उतरलो. पाणी थेट हाडापर्यंत लागलं. तिनं माझा हात पकडला. इतका घट्ट, की मला कळलं, ती पाण्याला नाही, फेब्रुवारीला घाबरली आहे. महिनाभर मी हीटरकडे बघत होतो, कारण तिचं ते कपाट-टेबल धरून चालणं मला बघवत नव्हतं. ती एकटीच चालत होती आणि मी आकडे लिहीत होतो.

त्या दिवशी आम्ही चार फेऱ्या मारल्या. ती मोजत होती. मी मोजलं नाही.

पाण्याची पाठ झाकल्यावर चार दिवसांत एकतीस झालं, सहाव्या दिवशी बत्तीस. रोज तिच्याबरोबर मीही पाण्यात असायचो. जानेवारीच्या शेवटी अकोल्याला गेलो. डॉक्टरांनी गुडघा दाबला, वाकवला, तिला खोलीभर चालायला लावलं. ती कशालाही न धरता भिंतीपर्यंत जाऊन परत आली. ऑपरेशनचं आत्ता नाव काढायला नको, असंच चालू ठेवा, असं म्हणून ते खूश झाले आणि त्यांनी विचारलं, "पाणी बत्तीस होतं ना पहिल्यापासून?"

मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "कायचं बत्तीस! पहिल्या दिवशी तर बरफ होता नुसता. पण हे संगं उतरले, मंग मी चालली."

सव्वीस होतं, बर्फ नव्हता. मी दुरुस्ती केली नाही.