चिंच, मीठ आणि अकरा टोकनं

मी पैसे देऊन जाहिराती विकत घेतो. दीडशे वर्षांपूर्वी अमेरिकेतले दुकानदार जाहिरात म्हणून नाण्याएवढी तांब्या-पितळेची टोकनं वाटायचे. एका बाजूला दुकानाचं नाव, दुसऱ्या बाजूला टोपी नाहीतर बूट. तसली अकरा माझ्याकडे आहेत. (होती, म्हणायला हवं.)

"एकाला दीडशे दिरहॅम? म्हणजे साडेतीन हजार रुपये!" बायको, मृणाल, म्हणाली. "मेलेल्या टोपीवाल्याच्या जाहिरातीला?"

"बाबा, यू पेड फॉर ॲड्स?" लेक सई म्हणाली. तिची पिढी जाहिराती बंद करायला पैसे भरते!

म्हणून मी डगला घरी बोलावलं. डग माझ्या ऑफिसातला अमेरिकन, याच नादाचा. माझी बुटांची चार टोकनं पसंत पडली, तर बदल्यात तो त्याचं दुर्मिळ छत्रीवाल्याचं टोकन देणार होता. इथे आखातात, खलिफा सिटीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये माझी उरलीसुरली इज्जत त्या छत्रीवर अवलंबून होती!

"शनिवारी अमेरिकन येतोय," मी हुकूम सोडला. "घरातली एकूणएक वस्तू चमकली पाहिजे! काळं काही दिसता कामा नये!"

साताऱ्याहून आलेल्या सासूबाईंनी मान डोलावली. जावयाचा शब्द त्या खाली पडू देत नाहीत. (सासऱ्यांचा खुशाल पडू देतात.)

शनिवारी डग आला. चहा झाला. मी ऐटीत डबी उघडली आणि डोळेच दिपले! अकराही टोकनं लखलखत होती.

"आई!" मी ओरडलो.

"देवाची भांडी काढलीच होती, जावईबापू," सासूबाई कौतुकाच्या अपेक्षेनं म्हणाल्या. "चिंच-मीठ लावून हीपण तासभर घासली. काय काळी पडली होती! त्या बुटाला तर काथ्याच मारावा लागला."

अहो, तो काळा थर हाच खरा ऐवज होता! घासलेल्या टोकनाला जाणकार हात लावत नाही. डगनं एक उचललं, हुंगलं आणि हळूच विचारलं, "रेप्लिका?"

"नो, नो! ओरिजिनल! ओन्ली टॅमरिंड!"

छत्री डगच्या खिशातून बाहेरच आली नाही. जाताना त्यानं चिंच-मिठाची कृती मात्र विचारली. त्याच्याकडे एक पितळी दिवा आहे म्हणे. सासूबाईंनी ती साताऱ्याच्या हिंदीत, अभिनयासह सांगितली.

"बाबा, खलास!" सई म्हणाली.

आता या घरात पन्नास वर्षांचा मूळ थर शाबूत असलेली एकच जुनी वस्तू उरली आहे: मी. बदल्यात कुणी छत्रीसुद्धा देणार नाही. आणि सासूबाईंनी पुन्हा चिंच भिजत घातली आहे!