राखाडी रंगाचं घर

एयिना या ग्रीक बेटावर पांतेलिसचं घर कुणाला विचारावं लागत नसे. दर रजेला हा पठ्ठ्या आरमाराच्या गोदामातून राखाडी रंगाचा डबा ढापून आणायचा आणि दार, खिडक्या, कोंबड्यांचं खुराडंसुद्धा रंगवून टाकायचा. शेजारची म्हातारी विचारायची, "काय रे, तोफा कधी बसवतोस घरावर?"

"आधी बहीण उजवतो, आजी. मग तोफा."

बुडी मारून स्पंज काढणाऱ्या बापाला समुद्राने नेलं तेव्हा तो सोळाचा होता आणि बहीण स्तामाता बाराची. अठराव्या वर्षी तो आरमारात, एका विनाशिका युद्धनौकेच्या बॉयलरवर लागला. अर्गिरोच्या बोटात त्याने अंगठी घातली होती, पण बहिणीआधी भावाने लग्न करायचं नाही, ही तिथली रीत. अर्गिरो चार वर्षं थांबली.

आरमारातली मुदत संपायच्या वसंतात कोस्मास कुंभाराने स्तामाताला मागणी घातली. चांगला, कष्टाळू माणूस होता तो. पण या बाईसाहेबांनी नाक मुरडलं. म्हणे, त्याच्या नखांत माती असते! पांतेलिस रागावला नाही.

"नको तर नको, स्तामाते. पण तू नकार दिलास हे बाहेर बोलू नकोस. नाहीतर पुन्हा कुणी उंबऱ्याला पाय लावणार नाही."

त्याने नोकरीची मुदत वाढवून घेतली आणि अर्गिरोला सांगितलं, "जहाज सोडवत नाही मला." तिने अंगठी त्याच्या अंगावर फेकली. स्तामाता तेव्हा दाराआड उभी होती. एक शब्द बोलली नाही.

त्याच शरद ऋतूत युद्ध पेटलं. मुदत संपवून घरी आलेल्यांना पुन्हा बोलावलं, पण किनाऱ्यावरच्या तोफांवर. ते सगळे जिवंत परतले. पांतेलिसच्या जहाजावर एप्रिलमध्ये विमानांनी बॉम्ब टाकले, तेव्हा तो खाली बॉयलरपाशी होता. वर यायला त्याला वेळच मिळाला नाही.

चाळीसाव्या दिवशी स्तामाताने रीतीप्रमाणे त्याच्या नावाने वाटायला गहू उकडले. जर्मन आल्यापासून साखर मिळत नव्हती, म्हणून वर नुसते मनुके पेरले. देवळाबाहेर ती एकेकाच्या ओंजळीत गहू घालत होती. रांगेच्या शेवटी अर्गिरो आली.

"मला थोडेच दे," ती म्हणाली. "माझा काय हक्क? त्याला माझ्यापेक्षा ते लोखंड प्यारं होतं."

स्तामाताने तिची ओंजळ काठोकाठ भरली. आता गप्प बसली असती तर जन्मभर गप्पच बसली असती.

"खोटं होतं ते. कोस्मासला मी नाही म्हटलं होतं. माझं नाव खराब होऊ नये म्हणून त्याने स्वतःवर घेतलं. त्याला तूच हवी होतीस गं. मी मेलीने त्याला जहाजावर ठेवलं."

आता ही थोबाडीत मारेल, असं तिला वाटलं. मारली असती तर बरं झालं असतं. अर्गिरो ओंजळीतल्या गव्हांकडे बघत राहिली.

"त्याची तीन पत्रं आली होती," ती हळूच म्हणाली. "मी फोडली नाहीत. तशीच जहाजावर परत पाठवली."

स्तामाताला अर्गिरोचं ओझं उतरवायचं होतं, आणि आता तिने उलट तिच्याच डोक्यावर जन्माचं ओझं ठेवलं होतं. तिने थाळा खाली ठेवला आणि अर्गिरोचा हात धरायला गेली. पण अर्गिरोची ओंजळ भरलेली होती, आणि त्याच्या नावाचे ते गहू ती काही केल्या सोडेना.